कालव्यावरचा डबा

तंजावुरात पाण्याशी बोलणारी माणसं पुष्कळ सापडतील. देवळाच्या तळ्याशी, कालव्याच्या पायऱ्यांवर, न्हाणीघरात, जिथं बघाल तिथं. पण पाण्याला प्रश्न विचारून त्याच्याकडून उत्तर काढून घेणारं माणूस अख्ख्या तंजावुरात, तंजावुरात कशाला, कावेरी जिथं उगम पावते तिथपासून समुद्राला मिळते तिथपर्यंत एकच आहे, आणि ती माझी भाची आहे. हे मी छातीठोकपणे लिहितो, कारण मी देवनागरीत लिहितोय आणि तिला देवनागरी वाचता येत नाही. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरोघर बोलतात, वाचणारे मात्र माझ्यासारखे दोनचार म्हातारे. महाराष्ट्रातून कुणी पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून त्याला आपण जुन्या नाटकात शिरलो असं वाटतं, आणि मधेच चार तमिळ शब्द आले की नाटक कोणत्या भाषेतलं याचा त्याला घोळ पडतो. तेव्हा भाचीबद्दल जे काही बरंवाईट सांगायचं ते इथं सांगितलेलं बरं. तिच्या कानावर गेलं तर ती म्हणेल, "मामा, येवढं कायी नाही, थोडं कमी करून लिहा."

ही माझ्या ताईची एकुलती एक लेक. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर, आणि वर्गात पहिली वगैरे. पण तिचं खरं शिक्षण मला वाटतं पाळण्यातच झालं असावं, कारण पाणी दिसलं की ते मोजायचं हा तिचा रोग जन्मजात आहे. मोरी असो, हौद असो, तांब्या असो, ती आधी वाकून बघणार, मग बोट बुडवणार, मग मनाशी काहीतरी पुटपुटणार. पाणी वाहतं असलं तर विचारूच नका. टाऊन बस पुलावरून निघाली की ही खिडकीला नाक लावून बसते आणि उतरायचं ठिकाण मागं टाकून तीन गावं पुढं जाते. एकदा तर वैदांकडे जायला निघालेली पोरगी संध्याकाळी फोन करून म्हणाली, "मामा, मी समुद्राजवळ आले. आता आलेच आहे तर बघून येते." समुद्र काय पळून चालला होता का? पण तिचा आवाज इतका खुळावलेला होता की रागवावंसं वाटलं नाही.

आमच्या एका नात्यातल्या लग्नात तिनं मुदपाकखान्यात शिरून रसमच्या हंड्यावर आतून खडूनं रेघा मारल्या. आचारी हातात डाव घेऊन उभा. तिनं पंगतीकडे बघितलं, रेघांकडे बघितलं आणि सांगितलं, "तिसऱ्या पंगतीत चौदाव्या पानाला रसम संपेल." आचारी म्हणाला, बाई, माझा बाप आणि माझा आजा हेच करत आले, आमचं रसम आजवर संपलं नाही. तिसऱ्या पंगतीत तेरा पानांना रसम मिळालं आणि चौदाव्या पानावर नवऱ्यामुलाचे थोरले काका होते. केवढा रुसवा! तो आचारी अजून रस्त्यात भाची दिसली की पलीकडच्या बाजूनं जातो, आणि मोठ्या लग्नाची सुपारी घेतली की गुपचूप ताईकडे येऊन हंड्याची मापं दाखवून जातो.

घरात वरच्या खोलीत तिचं राज्य. तिथं तारा, बॅटऱ्या, डाग द्यायची कढत सळई, आणि या सगळ्याच्या मधोमध कॉफीचा फिल्टर. सळईचा धूर आणि कॉफीचा वास मिळून जो काही वास होतो तो मला फार आवडतो, दुपारी मी त्या खोलीत चटई टाकून पडतो. खिडकीतून राजवाड्याच्या मनोऱ्याचं टोक दिसतं, खाली कुणीतरी वीणेवर तेच तेच स्वर घोटत असतं, पंखा उगाच फिरत असतो, आणि भाची एका चिमुकल्या वस्तूकडे एकटक बघत बसलेली असते. अर्धा अर्धा तास. काय बघतेस म्हणून विचारलं तर सांगायची, "कायी नाही मामा. पाणी अत्ता कोठे पोचलं असेल ते बघते." ती वस्तू कोरडी ठणठणीत असायची. मीही मग डोळे मिटून ते पाणी बघायचो, आणि खरं सांगतो, मला ते दिसायचं.

आता या वेडाचं मूळ माझ्यापाशी आहे, ते कबूल केलं पाहिजे. मी इथल्या पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत तीस वर्षं टाइपिस्ट होतो. वर धरणातून पाणी सुटलं की खालच्या गावांना तसं कळवायचं पत्र माझ्या यंत्रावर निघायचं. मग साहेबाची सही, मग शिक्का, मग जावकाचा क्रमांक, मग शिपायाची सायकल, त्यात एखादा रविवार. कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना ते पोचायचं तेव्हा पाणी येऊन, दोन दिवस राहून, पुढं निघूनही गेलेलं असायचं. त्या कचेरीत वेळेवर पोचायची गोष्ट एकच, ती म्हणजे माझा डबा. बायको स्वतः चालत घेऊन यायची, तीन पुडांचा, झाकणावर तिचं नाव, 'शारदा', ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेला, माहेरहून आलेला. एकाचा ठोका आणि दारात ती, यात तीस वर्षांत खंड नाही. एकदा सहा-सात वर्षांची भाची तिच्याबरोबर आली होती. माझ्या मांडीवर बसून तिनं यंत्रातलं पत्र बघितलं आणि विचारलं, "मामा, हे पाण्याच्या आधी पोचतं का?" मी हसून म्हटलं, "पोरी, पत्राला कुठले पाय!" सगळी कचेरी हसली. पोरगी हसली नाही. बायकोही हसली नाही, हे मला पुष्कळ उशिरा आठवलं.

तर भाचीनं यंत्र केलं. दिसायला काही नाही, अंगठ्याएवढे दोन डोळे. एका डोळ्यानं आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, दुसऱ्यानं परतून आलेला टिपायचा, आणि खालचं पाणी किती लांब आहे ते ओळखायचं. वटवाघूळ करतं तेच. पाणी वर चढलं की यंत्र आपण होऊन गावातल्या सगळ्या फोनांवर घंटी वाजवणार आणि भाचीच्या आवाजात सांगणार, "तण्णी वरुदु." पाणी येतंय. ओरत्तनाडूच्या पलीकडे शेपटाचं एक गाव तिनं धरलं होतं. त्या गावाच्या वर, पाण्याला एक दिवस आणि एक रात्र लागेल इतक्या अंतरावरच्या पुलाला हे यंत्र टांगायचं. एक दिवस आणि एक रात्र का, तर भाताचं बी भिजवून त्याला मोड आणायला तेवढा वेळ लागतो. पाणी शेतात आणि मोड हातात, असं जमलं तर पीक. पाणी आलं आणि बी कोरडं, तर पाणी गेलं. मोड आले आणि पाणी नाही, तर बी गेलं.

यंत्राला ऊनपावसात राहायला घर हवं होतं. भाचीनं स्वयंपाकघरात जाऊन आईचा स्टीलचा डबा उचलला, बुडाला दोन भोकं पाडली, यंत्र आत बसवून पुलाला टांगलं आणि काम भागवलं. डब्यावर तमिळ अक्षरांत ताईचं नाव कोरलेलं होतं, 'कमला'. ताईला तो हरवलाय असंच वाटत होतं. दोन दिवस तिनं भांडी घासणारीशी अबोला धरला होता, बिचारी!

त्याच सुमारास परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं. पगार एवढा की ताईनं ते पत्र देवापुढं ठेवलं. तिला वाटलं, सुटली पोर एकदाची या चिखलातून. भाचीनं पत्र वाचलं आणि आईला म्हणाली, "महिनाभरात उत्तर द्यायचं आहे. तवर पाणी सुटेल. त्या गावानं माझा फोन ऐकून बी भिजवलं तर मी राहते. नाही ऐकलं तर जाते, आणि परत हे नाव काढणार नाही." ताईनं लगेच नवस बोलला. काय बोलली ते तिनं सांगितलं नाही, पण पोर जावी म्हणूनच असणार. मी देवाला काही बोललो नाही. मला दोन्ही बाजूंनी रडू येत होतं.

आणि मग तो शुक्रवार आला. अजून धरणाचं दार उघडलं नव्हतं, कालवा कोरडा, तळाला भेगा. शेपटाच्या गावातल्या बायकांनी विचार केला, की आपल्यासाठी कुणी पुलाला एवढं पाणी बोलावणारं ठेवलंय आणि आपण त्याला साधं कुंकू लावू नये? व्हॅन ठरवून पंधरावीस जणी आल्या. कालव्यात उतरून वर बघतात तर डब्यावर नाव, 'कमला'. झालं! कमलाम्मन, म्हणजे कमलादेवी! त्यांनी डब्याला हळद फासली, कुंकू लावलं आणि मोगऱ्याचा भरगच्च गजरा नेमका त्या दोन डोळ्यांवर सोडला. यंत्राला आपल्या नाकाशी काहीतरी आलेलं कळलं. नाकाशी येणार काय? पाणीच. त्यानं इमानानं सगळ्यांना फोन लावले.

त्या कोरड्या कालव्यात उभ्या असलेल्या पंधरावीस बायकांचे फोन एकदम वाजले. "तण्णी वरुदु!" लुगडी सावरत, नारळ टाकत, एकमेकींना ढकलत सगळ्या काठावर. मग वळून बघतात तर पाण्याचा थेंब नाही. पळालो याची लाज वाटायच्या आत एक जण म्हणाली, अगं, हात जोडले आणि ती बोलली! मग काय विचारता. घरोघर फोन गेले, अम्मन बोलली, बी भिजवा. गावानं बी भिजवलं. मोड आले. पाणी आलं नाही. मोड लांबले, सुकले, आंबले, आणि शेवटी गुरांपुढं गेले.

ताईला जेव्हा हे सगळं कळलं तेव्हा तिचं म्हणणं फक्त एवढंच, "मी जिती असता मजला गजरे वाहतात? आणि डबा माझा!" मी हसलो. पण वर गेलो तर भाची जमिनीवर बसलेली. कॉफी गार झालेली. समोर सूटकेस उघडी. ती म्हणाली, "मामा, तुमचं पत्र उशिरा जायचं. पण त्यानं कुणाचं बी नाही घालवलं." मी तिच्या शेजारी बसलो आणि आम्ही दोघंही त्या रिकाम्या सूटकेशीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गावात गेली आणि माफी मागून आली. तिथला एक म्हातारा शेतकरी, गावाचा शब्द मानला जातो असा, त्याचं सगळ्यात जास्त बी गेलं होतं. त्यानं तिला ताक दिलं आणि गाईला वैरण घालायला उठून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली. तरी जायच्या आधी काम अर्धवट टाकायचं नाही म्हणून तिनं ताईचा दुसरा डबा उचलला. तो रिकामाच पुलाच्या कठड्यावर बसवला, हळदीकुंकवासाठी, सहज हात पोचेल असा. यंत्राचा डबा पुलाच्या पोटाखाली सरकवला. एक पूजेची कमला, एक कामाची कमला. ताईनं हे ऐकून कपाळावर हात मारला, पण या वेळी झाकण घट्ट बसतं का ते विचारलं.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, आम्ही जेवायला बसलो असताना भाचीचा फोन वाजला. तिचाच आवाज तिलाच सांगत होता, तण्णी वरुदु. तिचा घास हातातच राहिला. ती गावातून कुणाचा उलटा फोन येतो का याची वाट बघत बसली. दुपार गेली, संध्याकाळ गेली. एक फोन नाही. "सरी, असू दे," ती म्हणाली, "एकदा खोटं बोललेल्याचं कोण ऐकतं?" आणि सूटकेशीत दोन साड्या ठेवल्या.

सकाळी मीच म्हटलं, चल, निदान तुझं पाणी तरी बघून येऊ. मोपेडवर ती पुढं, मी मागं. रस्ताभर नारळीच्या सावल्या, काळी कोरडी शेतं, कालव्याच्या कडेनं बगळे असे उभे की त्यांनाही कुणीतरी कळवलं असावं. गावात पोचलो तर शुकशुकाट. ती प्रत्येक अंगणात डोकावत होती. भिजवलेलं बी म्हणजे ओली पोती, पाण्याचे ओघळ, काहीतरी दिसायला हवं. अंगणं कोरडी, कोलमची रांगोळी रेखलेली, कोंबड्या. कालव्याच्या शेवटच्या दाराशी येऊन ती कठड्यावर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मामा, मी जाते." मी मान हलवली.

तेवढ्यात तो म्हातारा शेतकरी आला. खांद्यावर पंचा, हातात विळा. भाचीकडे बघून तमिळमधून म्हणाला, "इथं काय बसलीस अम्मा? घरी ये." मागच्या अंगणात गोठ्याच्या भिंतीशी पेंढ्याचा एक ढीग होता. त्यानं तिचं मनगट धरलं आणि हात सरळ त्या पेंढ्यात खुपसला. भाची दचकली. आत पोती होती. उबदार, ओलसर, आणि बोटांना टोचणारे हजारो मोड. मोड आणायला पोती पेंढ्यात दडपून ठेवतात, हे वर्गात पहिल्या आलेल्या आमच्या इंजिनियरला ठाऊक नव्हतं. मला तरी कुठं होतं, तीस वर्षं याच गावांना पत्रं टाइप करून!

"भिजवलंत?" हात पेंढ्यातच ठेवून तिनं विचारलं. "मी खोटी पडले होते ना?"

"पडलीस," म्हातारा म्हणाला. "पण अम्मा, आम्ही शेपटाची माणसं. लग्नाचं आमंत्रण असो, की पाणी असो, आम्हाला सगळं झाल्यावर कळतं. जन्मात पहिल्यांदा कुणी आम्हाला आधी सांगितलं. एकदा चुकलं. आधी सांगणाऱ्याचंच चुकतं ना? मागून सांगणाऱ्याचं काय चुकणार!"

मी मान खाली घातली. मग न राहवून सांगून टाकलं की ती कचेरीची पत्रं मी टाइप करायचो. म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला आणि हसायला लागला. "ती पत्रं? अहो अय्या, काय कागद असायचा! चहावाला त्यात वडे बांधून द्यायचा. तेल कधी बाहेर आलं नाही." तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नव्हती.

आणि मग पाणी आलं. मोठा लोंढा वगैरे काही नाही. आधी वाळक्या पानांचा सरसर आवाज, मग फेसाची एक मळकट ओळ, भेगा भरत, थांबत, पुन्हा निघत, एखाद्या पाहुण्यानं घर विचारत यावं तशी. बायका ताटं घेऊन काठावर आल्या, कुणी फुलं टाकली, कुणी मूठभर भात. भाचीनं पाणी बघितलं आणि पहिल्यांदाच, माझ्या देखत पहिल्यांदाच, ते मोजलं नाही. नुसती बघत राहिली, मोड टोचलेला हात दुसऱ्या हातात धरून.

ती राहिली. ताईनं चार दिवस जेवण टाकलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "आणखी डबे लागतील का गं?" लागणारच होते. एका गावाचं ऐकून दुसरं आलं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं. ताईचे डबे संपले, मग नात्यातल्या बायकांकडून जुने डबे येऊ लागले, झाकणावर नावं कोरलेले. आता कावेरीच्या कालव्यांवर आमच्या घराण्यातल्या सगळ्या बायका टांगलेल्या आहेत, आत्या, मावश्या, सासवा, सुना, आणि जन्मात ज्यांचं एकमेकींशी पटलं नाही त्या एकाच कालव्यावर आगेमागे पाण्याची वर्दी देतात. भाची अजून बसमधून तीन गावं पुढं जाते. मोठ्या कॉलेजातली मुलं तिला भेटायला येतात, आम्हीही असं काहीतरी करावं म्हणतो असं सांगतात. ती त्यांना आधी त्या म्हाताऱ्याच्या गोठ्यामागं नेऊन पेंढ्यात हात घालायला लावते. बाकीचं नंतर, म्हणते.

दोन वर्षांमागं त्या पहिल्या पुलावरचा ताईचा डबा गंजला. भाची माझ्या घरी आली आणि उगाच इकडंतिकडं बघत राहिली. तिला काय हवंय ते मला कळलं होतं. बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि तो तीन पुडांचा डबा मी कपाटात पालथा घालून ठेवला होता. कुणाला देववत नव्हता, बघवतही नव्हता. मी तो काढून तिच्या हातात दिला. तिनं झाकणावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मामा, हिला भोकं पाडू ना?" मी म्हटलं, पाड. आणि माझा नंबर त्या गावाच्या यादीत घाल. माझी गुंठाभर जमीन नाही, तरी घाल.

त्या गावात तिला आता शारदाम्मन म्हणतात. यंदा फोन आला तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. तण्णी वरुदु. मी नेहमीप्रमाणे "बरं, बरं" म्हटलं, जरी पलीकडे ऐकायला कुणी नसतं. मग पेपर घडी घालून ठेवला. डबा वेळेवर पोचला होता.